साहेब, जरा चुकतंय बहुतेक...

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. साल १९८७. इंदूरच्या एका खासगी कंपनीत मी तेव्हा लेखा विभागात कनिष्ठ कारकून होते. कंपनी शेतीचे पंप बनवायची. गुवाहाटीच्या एका खरेदीदाराने चारशे पंपांचे दर मागवले होते आणि ते 'माल पोहोच' हवे होते. म्हणजे गुवाहाटीपर्यंतची वाहतूक आपल्या दरातच धरायची. मसुदा विक्री विभागाच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला, नव्या टंकलेखक मुलाने तो टाइप केला आणि जावक होण्यापूर्वी आकडे पडताळायला माझ्याकडे आला. मी मसुदा शेजारी ठेवून ओळन् ओळ तपासली. टंकलेखनात काही चूक नव्हती. चूक मसुद्यातच होती. वाहतूक धरायचीच राहून गेली होती.

मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच 'आण' अशी खूण केली. मी कागद पुढे ठेवला आणि म्हटले, "सर, हे एकदा बघून घेता का?"

"बघितलंय मी," ते म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

ऑर्डर आपल्याला मिळाली! मिठाई वाटली गेली. पहिला ट्रक निघायची वेळ आली तेव्हा भाड्याचा आकडा पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. मग चौकशी. तोवर मूळ मसुदा रद्दीत गेलेला होता. 'टाइप करताना एक ओळ गळली' असे ठरले. तो मुलगा प्रोबेशनवर होता. त्याला कायम केले नाही. जाताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधत बसले.

साहेबांनी मला नंतर विचारले होते, "तुझ्या लक्षात आलं होतं, तर सांगितलं का नाहीस?" मला खरोखर राग आला. सांगितले होते की! घरी येऊन आईलाही मी तेच सांगितले. पुढे कितीतरी वर्षे माझी हीच समजूत होती, की मी सांगितले आणि त्यांनी ऐकले नाही.

काय सांगितले होते मी? 'हे एकदा बघून घेता का?' सह्यांच्या ढिगात बसलेल्या माणसाच्या कानाला या वाक्याचा अर्थ एवढाच होतो, की इथे सही करा.

पुलावर कोसळलेले विमान

बऱ्याच वर्षांनंतर विमान अपघातांविषयी वाचत असताना मला तो टंकलेखक मुलगा आठवला. चारशे पंपांचा आणि विमानांचा काय संबंध, असे वाटेल. पण वरिष्ठांपुढे आपली जीभ कशी वळते, याचा इतका तपशीलवार पुरावा दुसऱ्या कुठल्या व्यवसायात सापडणार नाही. कारण विमानाच्या कॉकपिटमधले बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि अपघातानंतर ते शब्द न् शब्द तपासले जाते. आपल्या ऑफिसांत तशी सोय नाही, हे आपले नशीब!

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये जोराचा हिमवर्षाव चालू होता. एअर फ्लोरिडाचे एक बोइंग ७३७ विमान धावपट्टीवरून धावू लागले. इंजिनांचा बर्फरोधक चालू केलेला नव्हता. त्यामुळे दाब मोजणाऱ्या नळ्यांची तोंडे बर्फाने बंद झाली होती आणि इंजिनाचा जोर दाखवणारा काटा खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होता. सहवैमानिकाला संशय आला. हे बरोबर दिसत नाही ना, असे त्याने विचारले. मग हे बरोबर नाही, असेही म्हटले. कॅप्टनने सांगितले, बरोबर आहे, आणि वेग मोजून दाखवला. सहवैमानिक पुन्हा म्हणाला, मला नाही वाटत हे बरोबर आहे. आणि लगेच त्याच दमात, कदाचित असेलही.

विमान कसेबसे उचलले गेले, जवळच्या पुलावर आदळले आणि पोटोमॅक नदीच्या गोठलेल्या पाण्यात पडले. विमानातल्या ७९ जणांपैकी ७४ आणि पुलावरून जाणारे ४, असे एकूण ७८ जण गेले. सहवैमानिकाने लक्ष वेधल्यावरही कॅप्टनने उड्डाण थांबवले नाही, याची चौकशी अहवालाने कारणांमध्ये नोंद केली.

'कदाचित असेलही.' मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. तो माणूस बोलला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बोलला होता. पण स्वतःचे बोलणे त्याने स्वतःच मागे घेतले. ज्याच्या हातात जीव होता त्यालाही आपल्या वरिष्ठाला 'तुम्ही चुकताय' म्हणणे इतके अवघड जावे!

अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंड यांनी अशा अपघातांतील आणि सरावातील कॉकपिटच्या संवादांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. कनिष्ठ माणूस वरिष्ठाशी बोलताना शब्द अधिक मऊ करतो, हे तर आपल्याला माहीतच आहे. पण असे मऊ करून मांडलेले मुद्दे वरिष्ठाकडून उचलले जाण्याचे प्रमाणही कमी असते, हे त्यांनी मोजून दाखवले. थोडक्यात, आपण ज्याला नम्रता समजतो ती कित्येकदा निरोपच पोहोचू देत नाही.

'आपलं' सहज विचारलं

आपली मराठी तर या बाबतीत भलतीच समृद्ध आहे. 'जरा', 'थोडं', 'बहुतेक', 'तसं काही नाही, पण', 'म्हटलं, विचारावं' आणि या सर्वांचा राजा म्हणजे 'आपलं'. 'मी आपलं सहज विचारलं.' या 'आपलं'चा अर्थ कोणत्या कोशात पाहून कळणार? पण ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो: माझे म्हणणे तुम्ही मनावर घेतले नाहीत तरी चालेल! हिंदी भाषक मंडळींचे 'एक बार देख लीजिएगा' त्याच घराण्यातले.

हे शब्द वाईट आहेत असे मी म्हणत नाही. घरात आणि शेजारात त्यांच्यावाचून एक दिवस निभणार नाही. सासूबाईंना आमटीत मीठ जास्त झाल्याचे सांगायला 'जरा' हवेच. पण धोका किंवा नुकसान समोर दिसत असेल, तेव्हा हा शब्द कशाला जोडतो आहोत ते पाहायला हवे. आदर माणसाला द्यायचा असतो. 'साहेब', 'मॅडम', 'आपण' हे सगळे जागेवर राहू द्यावे. पण चुकीला 'बहुतेक' लावू नये. 'साहेब, यात जरा काहीतरी राहिलंय बहुतेक' आणि 'साहेब, यात वाहतूक धरलेली नाही' ही दोन्ही वाक्ये सारखीच आदराची आहेत. दुसऱ्यात फक्त माहिती आहे.

वैमानिकांना आता याचे रीतसर शिक्षण देतात. १९७९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे हे प्रशिक्षण जगभर पसरले. त्यात शिकवला जाणारा बोलण्याचा क्रम मला ऑफिसलाही चपखल वाटतो. आधी समोरच्याचे लक्ष वेधायचे. फोन चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबायचे, कागद पुढे सरकवायचा नाही. मग काय चुकले ते, त्यामुळे काय होईल ते आणि आपण काय करू शकतो ते सांगायचे. आणि शेवटी उत्तर घेतल्याशिवाय हलायचे नाही. त्या दिवशी मी असे म्हणायला हवे होते: "सर, सहीआधी एक मिनिट. या दरात गुवाहाटीची वाहतूक धरलेली नाही. असंच गेलं तर भाडं आपल्या अंगावर येईल. मला अर्धा तास द्या, मी दर काढून आणते. चालेल?"

मोजून पाहा, वीस सेकंदांचे काम आहे. या वाक्यात कोणाची अक्कल काढलेली नाही, 'तुम्ही विसरलात' असेही नाही. 'तुम्ही'ने सुरू होणारे वाक्य आरोपासारखे ऐकू येते; 'या दरात' म्हटले की दोघांचीही नजर कागदावर जाते.

आता हे चारचौघांत सांगावे की एकांतात? माझे मत असे, की चूक दुरुस्त व्हायला वेळ असेल तर एकांतातच. साहेबांना मिटिंगमध्ये तोंडघशी पाडून मिळवलेला विजय फार महाग पडतो. मात्र यंत्र चालू आहे, इंजेक्शन भरलेले आहे, गाडी उताराला लागली आहे, अशा वेळी कोण बसले आहे ते पाहू नये. आणि एक सांगते: ऑफिसच्या वॉट्सअ‍ॅप गटात चूक दाखवणे म्हणजे चौकात दवंडी पिटणे. वर अंगठ्याच्या खुणा येतात, काम मात्र होत नाही. उठून चार पावले चालत जावे.

स्पष्ट बोलले, तरीही

स्पष्ट बोलले की झाले, असेही नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरत दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाच्या अहवालात नोंद आहे, की सहवैमानिकाने न उतरता पुन्हा वर जाण्याची सूचना तीन वेळा दिली होती. विमानातील यंत्रणाही इशारे देत होती. कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले.

म्हणजे इथे 'कदाचित'ही नव्हते. मग काय कमी पडले? अहवालाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले आहे. अशा वेळी सहवैमानिकाने स्वतः विमान ताब्यात घेऊन वर न्यावे की नाही, याविषयीच्या सूचनांत संदिग्धता होती. बहुधा त्यामुळेच त्याने वारंवार सांगितले, पण नियंत्रण हाती घेतले नाही. सांगून ऐकले नाही तर पुढे काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले नसेल तर ऐनवेळी कनिष्ठाने ते ठरवायचे तरी कसे?

आपल्या कचेरीत, दुकानात, दवाखान्यात हा प्रश्न कधी विचारला जातो का? रोखपालाला हिशेब जुळत नाही असे वाटले, तर तो दिवसाचे खाते बंद करायला नकार देऊ शकतो का? नर्सला औषधाची मात्रा संशयास्पद वाटली, तर ती कोणाला फोन करू शकते? हे शांत दिवशी, सगळ्यांचे डोके थंड असताना ठरवायला हवे. जिथे ते ठरलेले नाही तिथे निदान एक लेखी टिपण तरी ठेवावे. सरकारी कचेऱ्यांत फाईलवर टिप्पणी लिहायची पद्धत आहे. तिची आपण कितीही चेष्टा केली तरी कनिष्ठाचे म्हणणे तिच्यात टिकून राहते. माझ्याजवळ त्या मसुद्याची एक प्रत असती, तर त्या मुलाची नोकरी वाचली असती. असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आले. खरे तर प्रतीची गरज नव्हती. मी साक्षीदार होते.

रुग्णालयांत या बाबतीत एक चांगला बदल झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. जगातील ज्या आठ रुग्णालयांत ती प्रथम वापरून पाहिली, त्यांत दिल्लीचेही एक होते. या यादीत रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा असे मुद्दे तर आहेतच. पण चीर घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, असाही एक मुद्दा आहे. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ज्याने एकदा त्या खोलीत तोंड उघडून आपले नाव सांगितले आहे, त्याला पुढे 'डॉक्टर, थांबा' म्हणणे कमी जड जाते, अशी त्यामागची अपेक्षा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या आठ ठिकाणी शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. सारे श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही, हे उघड आहे. यादीतल्या इतर गोष्टीही होत्या.

राजा बोले, दळ हाले

एकट्या साहेबापुढे बोलणे अवघड, तर समूहात बोलणे त्याहून अवघड. मिटिंगमध्ये साहेब सुरुवातीलाच म्हणतात, "मला वाटतं, हे असंच करू या. कोणाला काही म्हणायचंय?" माना डोलतात. चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाजवळ एकेक आक्षेप असतो, आणि तो बहुतेक बिनतोड असतो!

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगायचे. गटात एकच माणूस खरा; बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचे उत्तर देणारे. अशा फेऱ्यांत त्या बिचाऱ्याची साधारण एकतृतीयांश उत्तरे समूहाच्या मागे वाहत गेली. पण गटात एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी हे वाहत जाणे खूपच कमी होत असे. एक सोबती पुरे. म्हणून मिटिंगमध्ये अडचणीचा मुद्दा मांडायचा असेल तर आदल्या दिवशी एका सहकाऱ्याशी बोलून ठेवावे. हे कटकारस्थान नव्हे. आणि दुसऱ्या कोणी धीर करून मुद्दा मांडला, तर 'मलाही असंच वाटतं' एवढे तरी तिथल्या तिथे म्हणावे. टपरीवर जाऊन त्याची पाठ थोपटण्यात काही अर्थ नाही.

आपल्या लष्कराची एक रीत मला फार आवडते. १९५४ च्या लष्करी नियमांनुसार लष्करी न्यायालयात निर्णयाच्या वेळी सभासदांची मते सर्वांत कनिष्ठापासून घेतात. वरिष्ठाने आधी तोंड उघडले तर खालच्यांचे मत तिथेच संपते, हे शिस्तीवर चालणाऱ्या लष्कराने ओळखले आहे. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीत, गणेशोत्सव मंडळात हे करून पाहायला काय हरकत आहे? अध्यक्षांनी शेवटी बोलायचे. पैसे लागत नाहीत. अध्यक्षांना थोडा त्रास होईल, एवढेच.

समूहात अधिकारी कोणीच नसला तरी मौन पडतेच. जेरी हार्वे या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये आपल्या सासुरवाडीची एक हकीकत लिहिली. टेक्सास राज्यातल्या कोलमन गावी जुलैची रणरणती दुपार. घरात पंखा, थंड सरबत, सोंगट्यांचा डाव. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. बायको म्हणाली, छान. जावई म्हणाला, मला चालेल, सासूबाई येणार असतील तर. सासूबाई म्हणाल्या, येणार तर! वातानुकूलन नसलेल्या जुन्या गाडीतून त्रेपन्न मैल जाणे, तेवढेच परत येणे, धूळ, घाम आणि बेचव जेवण. घरी आल्यावर उघड झाले, की कोणालाच जायचे नव्हते. सासऱ्यांनीही केवळ मंडळी कंटाळली असतील म्हणून सुचवले होते! ही गोष्ट वाचून आमच्या घरात एक परवलीचा शब्द तयार झाला आहे. सहलीचे, साखरपुड्याच्या हॉलचे, नव्या फ्रीजचे काही ठरत असले आणि सगळे फारच पटकन 'हो' म्हणू लागले, की माझी सून विचारते, "आई, हे ॲबिलीन तर नाही ना?"

केबिनच्या पलीकडच्या बाजूला

एवढे सगळे शिकून कनिष्ठाने बोलावे, आणि वरिष्ठाने खेकसावे, असे झाले तर काय उपयोग? मला वाटते खरी किल्ली तिकडेच आहे. चूक सांगणाऱ्याचे काय झाले, हे सारे ऑफिस पाहत असते आणि एकाच प्रसंगातून पुढच्या दहा वर्षांचा धडा घेत असते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एसएलव्ही-३ यान बंगालच्या उपसागरात पडले. मोहिमेची धुरा डॉ. अब्दुल कलाम यांच्याकडे होती. संगणकाने उड्डाण रोखले असतानाही ते पुढे नेण्याचा निर्णय आपण घेतला होता, असे त्यांनी पुढे स्वतःच अनेकदा सांगितले. त्या दिवशी पत्रकारांसमोर गेले ते 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा पत्रकार परिषदेला त्यांनी कलामांना पुढे केले. असा माणूस वर बसलेला असेल तर खालचा माणूस वाईट बातमी लपवील कशाला?

सगळ्यांच्याच वाट्याला धवन येत नाहीत, हे मलाही कळते. काही साहेब असे असतात, की त्यांच्यापुढे खरे बोलण्याची किंमत मोजावीच लागते. बदली, रखडलेली वेतनवाढ, रोजचा अबोला. घर चालवणाऱ्या माणसाने प्रत्येक वेळी छाती पुढे काढावी, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः काय केले ते वर लिहिलेच आहे. कॅलेंडरवरच्या सुट्टीवरून वाद घालू नये. पण जिथे आपल्या गप्प बसण्याची किंमत दुसरा कोणी मोजणार आहे, तिथे हिशेब वेगळा करावा लागतो.

पुढे मी दुसऱ्या एका संस्थेत लेखाधिकारी झाले. केबिन मिळाली, सह्यांचा ढीग मिळाला. निवृत्तीच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. आमच्याकडे नव्यानेच लागलेली एक मुलगी वार्षिक ताळेबंदाची फाईल घेऊन दारात उभी राहिली. मी फोनवर होते. हाताने 'आण' अशी खूण करणार, एवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, मी आपलं सहज विचारते..."

मी फोन ठेवला, पेनाला टोपण लावले आणि तिला बसायला सांगितले. "आपलं सहज राहू दे. काय चुकलंय ते सांग."

तिने घसाऱ्याचा आकडा दाखवला. आम्ही दोघींनी मागची तीन वर्षांची पाने काढून पुन्हा बेरजा केल्या. पाऊण तास गेला. शंका चुकीची निघाली. आकडा बरोबर होता. ती कानापर्यंत लाल झाली. मी सही केली आणि शेजारची दुसरी फाईल तिच्या हातात दिली. तीही तपासायचीच होती.